तीन वर्षं झाली, तरी मी बाहेरचीच

ताई, मी एकतीस वर्षांची, मूळची चिंचवडची. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि तीन वर्षांपासून थायलंडमध्ये रयाँगला एकटी राहते. इथली माणसं वाईट नाहीत. हसून बोलतात, माझ्या टेबलावर पेरूच्या फोडी ठेवून जातात. पण तीन वर्षांत एकाही घरी मला कुणी बोलावलं नाही. लाईनवर, म्हणजे इथल्या व्हॉट्सॲपसारख्या ॲपवर, आमच्या विभागाचा माझ्याशिवाय वेगळा ग्रुप आहे, हे परवा चुकून कळलं. मागे एका मीटिंगमध्ये ज्येष्ठ सुपरवायझरबाईंच्या रिपोर्टमधली चूक मी सगळ्यांसमोर दाखवली. चूक खरी होती. त्या हसल्या, 'थँक यू' म्हणाल्या आणि तेव्हापासून कामापुरतंच बोलतात. बाकीचेही गप्प झाले. घर बदलायला गेले तर एजंट म्हणाला, मालकाला इंडियन नको. सहलीला गेलो तर उद्यानाच्या दारात माझं तिकीट वेगळं, त्यांचं वेगळं. पाठीमागे मला 'खॅक' म्हणतात. थाई मला येत नाही, कामाला इंग्रजी पुरतं. मी अंड्यापलीकडे सामिष खात नाही, म्हणून डबा घरून नेते. जूनमध्ये करार संपतो. आई म्हणते, पुरे झालं, परत ये. माझ्यातच काही कमी आहे का? इथे बाहेरच्याला कधी आपलं मानतात का?
— रयाँगहून एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

बँकॉकमध्ये मी संसार केला, मुलं तिथल्या शाळांत वाढवली, त्यामुळे तुझं पत्र वाचताना बरंचसं ओळखीचं वाटलं. तू सगळी दुखणी एका दमात लिहिली आहेस. ती सुटी करून पाहू, कारण त्यांतल्या काहींवर उपाय तुझ्या हातात आहे आणि काहींवर मुळीच नाही.

आधी घराचं. त्यात तुझा कणभर दोष नाही. 'इंडियन नको' हे बँकॉकपासून पट्टायापर्यंत आपल्या पुष्कळ लोकांनी ऐकलं आहे. कारणं ठरलेली असतात: फोडणीचा वास, मोठ्याने बोलणं, भाड्यात घासाघीस, एकाच्या नावावर घर घेऊन पाचजणांनी राहणं. २०२४ साली वीस लाखांहून जास्त भारतीय पर्यटक थायलंडला गेले. त्यांतल्या काहींनी हॉटेलात घातलेल्या गोंधळाचा हिशेब तुझ्यासारखीकडून मागितला जातो. माणूस न पाहता नुसता देश पाहून दार लावलं जातं तेव्हा त्याला वंशभेदच म्हणायचं. त्यात रंगही आला. तिथल्या दुकानांत गोरं करणाऱ्या क्रीमच्या फळ्या भरलेल्या असतात. काळा रंग म्हणजे उन्हात राबणाऱ्याचा, ही समजूत तिथे खोल रुजलेली आहे. वधूवरांच्या जाहिरातीत 'गोरी' मागणाऱ्या आपल्या लोकांना ती समजवावी लागत नाही.

तू कितीही नम्र झालीस तरी असा मालक बदलणार नाही. त्याच्यासाठी स्वतःला तपासत बसू नकोस, ही गोष्ट व्यवहाराने सोडव. एचआरला सांग की घर कंपनीने शोधावं आणि जमल्यास भाडेकरार कंपनीच्या नावावर करावा. भाडं कंपनीकडून येणार म्हटल्यावर बऱ्याच मालकांचा सूर बदलतो. सध्याच्या मालकाकडून, ही बाई वेळेवर भाडं देते, घर नीट ठेवते, असं दोन ओळींचं पत्र थाईत लिहून घे. आणखी एक पाहा. परदेशी माणूस राहायला आला की मालकाने २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. जो मालक हे करायला टाळाटाळ करतो त्याचं घर कितीही छान असलं तरी घेऊ नकोस, पुढच्या कागदपत्रांना तीच अडचण आडवी येते.

तिकिटाचं मात्र मनाला लावून घेऊ नकोस. बँकॉकचा राजवाडा पाहायला परदेशी माणसाला ५०० बाट पडतात, थाई माणसाला काहीच नाही. वेरूळ-अजिंठ्याला आपण भारतीयाकडून ४० रुपये घेतो आणि परदेशी माणसाकडून ६००. वर्क परमिट दाखवलं तर काही ठिकाणी थाई दर लावतात. विचारून पाहा, नाही म्हणाले तर पैसे भर आणि आत जा.

आता ती मीटिंग. चूक खरी होती, हे तू आवर्जून लिहिलं आहेस. माझा विश्वास आहे. पण तिथे त्या दिवशी चूक कुणाची, यापेक्षा मोठं काहीतरी घडलं. थाई कारखान्यात नुसते सहकारी असे कुणी नसतात. वयाने, नोकरीने मोठा तो 'पी' म्हणजे थोरला, लहान तो 'नाँग' म्हणजे धाकटा. हाका मारण्यापासून जेवणाचे पैसे कुणी द्यायचे इथपर्यंत सगळं त्यावर चालतं. तू क्वालिटीची इंजिनिअर म्हणून एक आकडा दुरुस्त केलास. खोलीतल्या बाकीच्यांनी पाहिलं ते असं की धाकटीने थोरलीला चारचौघांत मान खाली घालायला लावली. बाई हसल्या कारण त्या क्षणी तेवढंच करता येत होतं. त्या हसण्यात राग होता, लाज होती, आणि तुझ्याबद्दल अवघडलेपणही होतं. बाकीचे गप्प झाले ते तुला शिक्षा म्हणून झाले असतील असं मला वाटत नाही. आपलीही पाळी येईल, या धास्तीने ते सावध झाले.

याचा अर्थ चुका झाकायच्या, असं मी मुळीच सांगणार नाही. ब्रेकचा भाग सदोष असेल तर लाईन थांबवायचीच, तिथे कुणाचं वय पाहायचं नाही. पण रिपोर्टमधला आकडा मीटिंगच्या आधी त्यांच्या टेबलाशी जाऊन दाखवता येतो. 'पी, हे मला नीट कळलं नाही, जरा समजावाल का?' असं विचारलंस की त्या स्वतःच पाहतील, स्वतःच दुरुस्त करतील आणि तू आपल्याला वाचवलंस हे न बोलता लक्षात ठेवतील. काम तेच होतं, आणि पुढच्या वेळी त्या रिपोर्ट आधी तुलाच दाखवतात.

झालेलं निस्तरण्यासाठी लांबलचक ईमेल लिहू नकोस. 'आपण त्या दिवसाबद्दल बोलू या' असं तर मुळीच म्हणू नकोस, त्यांना तो प्रसंग दुसऱ्यांदा भोगावा लागेल. सकाळी दिसल्या की तू आधी वाय कर. हात जोडण्याची सुरुवात लहानाने करायची असते. पुण्याला जाऊन आलीस की चिक्कीचा पुडा आधी त्यांच्या टेबलावर ठेव, मग इतरांना वाट. आणि एप्रिलची वाट पाहा. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान. परदेशी पाहुण्यांना त्यातली रस्त्यावरची पाणीफेक तेवढी माहीत असते. पण कारखान्यांत आणि कचेऱ्यांत सुट्टी लागण्याआधी ज्येष्ठांना ओळीने बसवतात आणि धाकट्यांनी त्यांच्या हातांवर मोगऱ्याच्या पाकळ्या घातलेलं सुगंधी पाणी ओतायचं असतं. रोत नाम दाम हुआ म्हणतात त्याला. वर्षभरात काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा मागायची, त्यांनी आशीर्वाद द्यायचा. दिवाळी-दसऱ्याला घरातल्या मोठ्यांपुढे वाकत आलेल्या मुलीला हे शिकवावं लागणार नाही. तू त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बस, पाणी घाल, दोन वाक्यं थाईत पाठ करून म्हण. हा समारंभ याच कामासाठी आहे, आणि तो विभागातल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतो, हे त्याहून महत्त्वाचं.

पत्रात एक वाक्य तू ओझरतं लिहिलं आहेस आणि मला तेच सगळ्यात मोठं वाटतं: डबा घरून नेते. डबा खातेस कुठे? स्वतःच्या टेबलावर, मोबाईल पाहत, असं मी धरून चालते.

तुझ्या विभागातली माणसं कुठली आहेत, हे कधी विचारलं आहेस का? १९८० च्या दशकात सरकारने पूर्व किनाऱ्यावर उद्योग आणायला सुरुवात केली. माप ता फुतची औद्योगिक वसाहत झाली, लेम छाबांगचं बंदर झालं, मागोमाग वाहनांचे कारखाने आले, आणि राबायला आली ती मोठ्या संख्येने ईसानची, म्हणजे ईशान्य थायलंडची माणसं. उबोन, बुरीराम, सुरीन, खोन केन इकडची. रयाँगमध्ये त्यातली बरीचशी भाड्याच्या एका खोलीत राहतात: एक गादी, एक पंखा, दोरीवर युनिफॉर्म. म्हातारे आईवडील गावी, पुष्कळांची लहान मुलंही आजीआजोबांकडे गावीच. तुला घरी बोलावत नाहीत, कारण रयाँगमध्ये त्यांना बोलावण्याजोगं घरच नसतं. त्यांचं घर शेकडो किलोमीटरवर आहे आणि ते स्वतः तिथे वर्षातून दोनतीनदा जातात. आपसांत ती माणसं लाओच्या जवळची ईसानी बोलतात. त्या बोलीला, सावळ्या रंगाला आणि चिकट भाताला बँकॉकच्या लोकांनी फार हसून घेतलं आहे. तू ज्यांच्यात बाहेरची आहेस तेही रयाँगमध्ये बाहेरचेच आहेत. हे कळल्यावर त्यांच्याकडे पाहण्याची तुझी नजर बदलेल, अशी मला आशा आहे.

लाईन ग्रुपचंही त्यातच आलं. तू ग्रुपमध्ये असलीस की प्रत्येकाला इंग्रजी जुळवत बसावं लागणार, आणि त्यांची थाईतली थट्टा तुला कळणार नाही म्हणून तूही अवघडणार. थाई माणसाला दुसऱ्याला अडचणीत टाकण्याची विलक्षण भीड असते. तुला घेतलं नाही त्यामागे दुष्टावा असण्यापेक्षा ही भीड असण्याचा संभव मला जास्त वाटतो.

तर उद्यापासून डबा घेऊन त्यांच्या टेबलावर जा. तिथे पदार्थ मधोमध ठेवतात आणि एकेक चमचा घेत सगळे मिळून खातात. तुझा डबाही मधोमध ठेव. साबुदाण्याची खिचडी ने. साबुदाणा त्यांच्या ओळखीचा. तो ज्या कसाव्याचा होतो त्याची शेतं रयाँग-चोनबुरीकडेही आहेत आणि ईसानातही. दाणे, हिरवी मिरची आणि लिंबू तर सोम तामच्या, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीच्या, खलबत्त्यात रोज पडतात. तीन दिवस चमचा कुणी लावला नाही तरी चौथ्या दिवशी पुन्हा ने. सोम ताम सांगताना 'माय साय प्ला रा, माय साय कुंग हेंग, माय साय नाम प्ला' म्हण, म्हणजे आंबवलेले मासे, सुकट आणि फिश सॉस त्यात पडणार नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं दुकान दिसलं तर तिथे निर्धास्त खा. कांदा-लसूणसुद्धा नसतो, अंडंही नसतं. आणि त्यांच्या ताटात तळलेले किडे असोत की रक्ताची वडी, तोंड वाकडं करू नकोस. आपण खात नाही एवढं हसून सांगितलं की पुरे. डब्याकडे पाहून नाक मुरडणं तुलाही चिंचवडच्या शाळेत सोसावं लागलं असेल.

ईसानच्या कुणी मैत्रिणीने 'गावी चल' म्हटलं तर पुढचा विचार न करता बसचं तिकीट काढ. जमिनीवर चटई, बांबूच्या टोपलीत चिकट भात, हाताने खाणं. तुला तिथे बँकॉकमधल्यापेक्षा जास्त घरच्यासारखं वाटेल. म्हाताऱ्या बायका मनगटाला पांढरा दोरा बांधून काहीबाही पुटपुटतील. तो दोरा लगेच तोडू नकोस, निदान तीन दिवस हातावर राहू दे.

आणि माणसांच्या सुखदुःखाला जा. तिथल्या भिक्खूंचा वर्षावास आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि तीन महिने चालतो, आपला चातुर्मास आठवावा असा. तो संपला की महिनाभर कथिनचे, म्हणजे भिक्खूंना चीवर आणि दान देण्याच्या समारंभाचे, लिफाफे ऑफिसात फिरतात, कुणाच्या तरी गावच्या विहारासाठी. शंभर बाट घाल आणि वर स्वतःचं नाव लिही. कुणाचे वडील गेले की संध्याकाळी काळे कपडे घालून विहारात जा, भिक्खूंचं पठण संपेपर्यंत बस, लिफाफा दे, जेवण वाढलं तर जेव. लग्न एखादं चुकलं तरी चालेल, मयताला जाणं चुकवू नकोस. कोण आलं होतं, हे तिथली माणसं वर्षानुवर्षं विसरत नाहीत. माझ्या शेजारणीने मला धाकटी बहीण म्हणायला सुरुवात केली ती तिच्या आईच्या अंत्यविधीनंतर. त्याआधी कितीतरी वर्षं आम्ही जिन्यात नुसत्या हसत होतो.

आता तुझी बाजू. तीन वर्षांत थाई शिकली नाहीस, हे मला पटलं नाही, आणि ते मी गोड शब्दांत सांगणार नाही. इंग्रजी कामाला पुरतं हे खरं, पण जेवणाच्या टेबलाला पुरत नाही. मराठी माणसाला ही भाषा युरोपीय माणसापेक्षा खूप सोपी जाते. तिची व्यंजनं ४४ आहेत खरी, पण ती क, च, त, प अशा आपल्याच वर्णमालेच्या क्रमाने लावली आहेत. क आणि ख, त आणि थ, प आणि फ यांतला फरक इंग्रज विद्यार्थी महिनोन्महिने घोटतात, तुला तो जन्मापासून येतो. पाच सूर मात्र छळतील. त्यासाठी माणूस हवा, ॲपवर भागणार नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवणी लाव आणि बोलण्याच्या बरोबरीने वाचायलाही शीक. दुकानांच्या पाट्या वाचता येऊ लागल्या की गाव आपोआप उलगडतं. वाक्याच्या शेवटी बायका आदराने लावतात तो 'खा' म्हणायला विसरू नकोस. थाई येऊ लागल्यावर त्या ग्रुपमध्ये तुला घेतलं, तर एक जपायचं: राजघराण्याबद्दल विनोद नाही, चित्र नाही, फॉरवर्ड नाही. कलम ११२ खाली एकेका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षांची कैद आहे, आणि त्यात परदेशी माणसाला सूट नाही.

तुझा शेवटचा प्रश्न, बाहेरच्याला तिथे कधी आपलं मानतात का. कागदावर फार क्वचित. कायमच्या वास्तव्याचा परवाना एका देशाच्या वर्षाला जास्तीत जास्त १०० माणसांना मिळतो. जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही, आणि वर्षानुवर्षं राहिलीस तरी दर ९० दिवसांनी पत्ता कळवत राहावं लागतं. 'खॅक'ही तू राहशीलच. भारतातून, मलायातून, अरबस्तानातून आलेल्या सगळ्यांना तो एकच शब्द लावतात. कधी तो तुच्छतेने येतो, पण पुष्कळदा नुसत्या सवयीने. कुठला कसा आहे हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून तुला कळेल.

पण कागदापलीकडेही माणसाला जागा मिळते. फ्लॉरेन्सचा शिल्पकार कोर्राडो फेरोची १९२३ साली सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, नोकरीसाठी आला. त्याने घडवलेल्या शाळेतून १९४३ मध्ये शिल्पाकोर्न विद्यापीठ उभं राहिलं, ज्याच्या बोधचिन्हात आपला गणपती आहे. पुढच्या वर्षी त्याने थाई नागरिकत्व आणि शिल्प भिरासी हे नाव घेतलं, तेही महायुद्धात इटालियन माणसाला धोका होता म्हणून. नागरिकत्व मिळालं तेव्हा त्याला तिथे वीस वर्षं होऊन गेली होती आणि विद्यार्थी त्याला केव्हाच गुरू मानत होते. १५ सप्टेंबरला, त्याच्या जन्मदिवशी, अजूनही त्याला फुलं वाहतात. आपल्याकडचे स्वामी सत्यानंद पुरी १९३२ मध्ये बँकॉकला गेले, थाई शिकले, थाईतच लिहू लागले. १९४२ साली विमान अपघातात ते गेले. जेमतेम दहा वर्षं तिथे होते, तरी थाई-भारत संबंधांबद्दल लिहिणारा त्यांचं नाव टाळू शकत नाही. दोघांनाही लोकांनी थाई समजलं नाही. त्यांना जागा मिळाली ती एका नात्यात, गुरूच्या. तुला शोधायची आहे ती अशीच एखादी जागा: कुणाची तरी धाकटी, पुढे नव्याने येणाऱ्या मुलींची थोरली. 'तुम्ही मला तुमच्यातली मानता का' हे विचारत राहिलीस तर उत्तर हसण्यातच मिळेल. त्यापेक्षा धाकटीची कामं करायला लाग.

तुझ्यात काही कमी नाही. तू एकटी पडली आहेस, एवढंच. महिन्यातून एखादा रविवार बँकॉकला जा, फाहुरतच्या भारतीय बाजारात मसाले घे, सिलोमच्या मारिअम्मन मंदिरात बस, मराठी बोलून ये. पण दर शनिवार-रविवार पळू नकोस, नाहीतर रयाँग म्हणजे नुसता कामाचा पत्ता उरेल.

जूनचा निर्णय आत्ता करू नकोस. सोंगक्रान होऊ दे. तोवर जेवणाचं टेबल, शिकवणी आणि सुपरवायझरबाई ही तीन कामं मनापासून कर. त्यानंतरही सकाळी उठावंसं वाटत नसेल तर परत ये, आणि आईने सांगितलं म्हणून नव्हे, स्वतः पाहून ठरवलं म्हणून ये. फक्त चिंचवडला गेल्यावर तुझं आयुष्य कसं असेल, हेही डोळे उघडे ठेवून पाहा. आई 'परत ये' म्हणते त्यात काळजी किती आणि लग्नाची घाई किती, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

एक करता आलं तर पाहा. मे महिन्यात आईला पंधरा दिवस रयाँगला बोलाव. ऊन फार असतं, पण ड्युरियन, मंगुस्तीन, रामबुतानचा तिथला हंगाम तेव्हाच सुरू होतो. त्यांना उकडीचे मोदक करू दे आणि ते विभागात ने. नारळ-गुळाचं सारण भरलेले तांदळाच्या पिठीचे गोळे तिथेही करतात, खानोम तोम, आणि गणपतीलाही वाहतात, म्हणून मोदक कुणाला परका वाटणार नाही. जिची आई भेटायला येते त्या मुलीशी थाई माणसं वेगळं वागतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. आईंना सुपरवायझरबाईंच्या शेजारी बसव. दोघींना एकमेकींची भाषा येणार नाही, तरी त्या तुझ्याबद्दल तासभर बोलतील. मग करारावर सही करायची की नाही, ते ठरव आणि मला कळव.